पत्रपेटीवरचं नाव

माझा जावई लसाद गोड बोलून काम टाळणाऱ्यांतला आहे. फोनवर शब्दाशब्दाला ‘उम्मी’, म्हणजे आई, म्हणेल, आणि सांगितलेलं एक काम धड करणार नाही.

माझ्या मुलीचं, दलंदाचं पहिलं बाळंतपण, तेही फ्रान्समध्ये. मला व्हिसा मिळाला नाही. मी नाही तर निदान माझ्या हातचा बसीसा, तेलात कालवून खायचं बाळंतिणीचं पीठ, चाळीस दिवसांच्या आत तिच्या पोटात जावा, एवढंच मनात होतं. गहू, हरभरे, मेथी, बडीशेप भाजून दळून आणलं. तिच्या बापाच्या बुरनूसमधून, त्याच्या लोकरी झग्यातून, बाळाला दुपटं शिवलं. सगळं पांढऱ्या कापडात घालून दाट टाक्यांनी शिवलं आणि पोस्टात गेले.

काउंटरवरच्या हालानं पार्सल पाहिलं आणि कात्री काढली.

“अगं, अगं! सकाळ गेली माझी त्यात!”

“हाज्जा, परदेशी पार्सल उघडंच आणायचं असतं. आत काय आहे ते आम्ही बघायचं, मग बंद करायचं.”

“बघ. बाँब नाही, बसीसा आहे.”

“आणि ही तेलाची बाटली?”

“मग कोरडा गिळायचा का तिनं?”

“काचेतलं तेल जात नाही. तिकडे विकत मिळतं.”

“ऑलिव्हच्या गावच्या, आपल्या सफाक्सच्या मुलीला तेल विकत घ्यायला सांगतेस?”

बाटली पिशवीत परत गेली. फॉर्मवर प्रत्येक वस्तू वेगळी लिहायची, वजनासकट. ‘खाऊ’ एवढं लिहून भागत नाही. मला सहीपुरतंच येतं, म्हणून हालानंच भरला.

मग नाव. “दलंदा झुआरी,” मी म्हणाले.

“तिच्या पत्रपेटीवर हेच आहे ना? तिकडे पेटीवर नाव नसलं की पार्सल उलट्या पावली परत येतं.”

आमच्यात बाई लग्नानंतरही बापाचंच नाव लावते. तरी तिथूनच जावयाला फोन लावला.

“पेटीवर माझं एकट्याचं आहे, उम्मी. ‘मार्फत लसाद गरबी’ लिहा.”

“स्वतःच्या घरात माझी मुलगी मार्फत? तिचं नाव चिकटव.”

“आजच चिकटवतो, उम्मी. तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर.”

हाला हळूच म्हणाली, “दोन्ही नावं लिहू या ना. काय बिघडतं?”

“त्यानं शब्द दिलाय,” मी म्हणाले. तिथं माझंही चुकलं.

नात झाली. दलंदा रोज विचारायची, “उम्मी, आलं नाही गं अजून.” चाळीस दिवस उलटले. बावन्नाव्या दिवशी पार्सल माझ्याच दारात. शेजारच्या मास्तरांनी वरची चिठ्ठी वाचली: या नावाचं इथं कोणी राहत नाही. बसीसाला कोंदट वास येत होता. दुपट्याची घडीही मोडलेली नव्हती.

मी लसादला फोन केला.

“गडबडीत राहूनच गेलं, उम्मी. आणि पेटी केवढीशी, एकच नाव मावतं. पुन्हा पाठवा, माझ्या नावानं.”

“दलंदा कुठाय?”

“इथंच आहे, ऐकतेय.”

“ऐकू दे. लसाद, मी तुला मुलगी दिली, तिच्या बापाचं नाव पुसायला नव्हती दिली. तुझ्या पोस्टमननं खरं तेच लिहिलंय. दलंदा झुआरी तुझ्या घरात राहत नाही. तू तिला राहू दिलंच नाहीस.”