वरच्यांची जोडी

वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाईंचं वागणं मला अजिबात पटलं नव्हतं. नवरा गेला, वाईट झालं. पण म्हणून शेजारणीने हौसेने पाठवलेले घावणे अर्ध्या दारातून परत पाठवायचे? माझे घावणे आजवर कुणी परत पाठवले नव्हते.

जाब विचारायला मीच वर गेले. बाई फोनशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. मोबाइलवर त्यांना नीट ऐकू येत नाही, घरातला जुना फोनच बरा पडतो.

"क्षिप्रा तेराव्यालाच भांडून गेली," त्या म्हणाल्या. "राग उतरला की फोन करीन म्हणालेली. उतरला नाही वाटतं."

पोरगी जवळच नौपाड्यात, आई इथे डोंबिवलीत, आणि एवढा अबोला? बोलायला तोंड उघडलं, तोवर माझ्याच हाताने रिसीव्हर उचललेला. आत काही नाही. साधी घरघरसुद्धा नाही. आणि मला एकदम आठवलं.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलाच्या, संदेशच्या नेटसाठी टेलिफोनवाला विश्राम आला होता. जिन्याखालची पेटी उघडून म्हणाला, "आजी, तुमची तार गंजलेय. दुसरी रिकामी जोडी मिळाली तर नेट पळेल. वरच्यांची जोडी आहे का अजून?"

मी मेथी निवडत होते. म्हटलं, "कसली जोडी राहिली रे. दिवाळीतच तुटली."

तो तारांचं विचारत होता, मी माणसांचं सांगत होते. त्याने बाईंच्या दोन तारा काढून आम्हाला जोडल्या. पोराचं नेट पळायला लागलं आणि मी खाली बाकावर बसून मिरवलं, माझ्या एका शब्दावर काम झालं म्हणून.

विश्रामला बोलावून घेतलं. संदेश कुरकुरला, "आई, मीटिंग चालू आहे गं."

"मरू दे तुझी मीटिंग."

तारा परत लावताना विश्राम हळूच बोलला, "तिकडे रिंग जात असेल, आजी. इकडे वाजत नव्हती, एवढंच."

म्हणजे आई मुद्दाम उचलत नाही असं पोरीला वाटलं असणार. तशीच जिना चढून वर गेले. बाईंना सगळं सांगितलं, माझ्या बोलण्यासकट.  त्या म्हणाल्या, "बरं. आता करेल तीच."

"मंदाकिनीबाई, तुमचा फोन माझ्या तोंडाने मुका केला, ते पाप माझं. पण तो मुका का, हे न बघता पोरीलाच दोष देत बसलात, ते तुमचं चुकलं. उचला आता. तुम्हीच लावा."