उसना आवाज

लांब काठीच्या टोकाला बांधलेला एक जुना मायक्रोफोन आहे मी. मित्रांनो, पडद्यावर माणसं दिसतात, मी कधीच दिसत नाही. मी दिसलो, तर ते दृश्यच बाद होतं.

शुयिंगनं मला जुन्या बाजारातून आणलं. ती कादंबऱ्या लिहायची. आता तिला चीनच्या शान्शी प्रांतातल्या आपल्या बंद पडलेल्या खाणगावावर चित्रपट करायचा होता. गोष्ट एका म्हातारीची. मुलगा खाणीत गाडला गेला आहे आणि ती रोज त्याला जेवायला हाक मारते. नटी परवडेना, म्हणून शुयिंगनं स्वतःच्या आईलाच उभं केलं.

"अगं, आधी माझे दात बघ, मग नटी म्हण!" आई म्हणाली.

"तू नूडल्सची कणीक मळ आणि बडबड कर. एरवी तोंड मिटतं का तुझं?"

"तुझा बाप हेच म्हणत म्हणत गेला!"

काठी धरणाराही हसायचा. पण आईनं गोष्टीतल्या मुलाला हाक मारली की कोणी खोकतही नसे. चित्रपट या आवाजावर उभा आहे, असं सगळे म्हणत. चित्रीकरणाच्या त्या हिवाळ्यात मीही फुशारलो होतो.

मग पैसा लावणारे गेंगसाहेब आले. "ही गावंढळ बोली बीजिंगमध्ये कोणाला कळणार? शहरातल्या नटीचा आवाज घाला, नाहीतर चित्रपट डब्यात."

शुयिंग खूप भांडली, शेवटी 'हो' म्हणाली. त्याच सुमारास आईच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्रच काढावं लागलं.

गावातल्या खेळाला आई पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर तिचे ओठ हलले आणि भलताच गोड आवाज आला. शेजारीण खिदळली, "ताई, किती शुद्ध बोलता हो! आमच्या वाट्याला मात्र आयुष्यभर शिव्याच!"

आईनं गळ्यावरच्या पट्टीला हात लावला.

शुयिंग तशीच मला पिशवीत घेऊन ध्वनिमुद्रणवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "मूळ आवाज? तो पुसला, ताई. डबिंग झाल्यावर ठेवून काय करायचं? डिस्क दुसऱ्या कामाला लागली."

घरी येऊन तिनं मला आईसमोर धरलं. "आई, एकदा हाक मार ना."

आईनं तोंड उघडलं. गळ्याच्या छिद्रातून नुसती हवा सुटली.

मित्रांनो, माझ्यातून आवाज फक्त पुढे जातो. माझ्यात एक अक्षरही उरत नाही. लोक मला पुसतात, मखमली डबीत ठेवतात. मला नका जपू. तुमच्या घरात कोणी बडबड करत असेल, तर ती जपा. शुयिंगला हे कळून आता उपयोग नाही. ती अजून रोज मला आईसमोर ठेवते, आणि आई अजून रोज तोंड उघडते.