दहा टक्क्यांची गळती

श्यामसुंदरराव आठल्ये वीज मंडळाच्या भरारी पथकात एकतीस वर्षं होते. वीज चोरायला तारेवर टाकलेला आकडा ते चालत्या जीपमधून ओळखत. निवृत्त झाले तरी संशय काही निवृत्त झाला नव्हता. त्यामुळे मुलगा केयूर दोन वर्षांसाठी जर्मनीला जाताना आपली इलेक्ट्रिक गाडी कोथरूडच्या घरी ठेवून गेला, तेव्हा तो त्यांच्या हाती एक संशयितच देऊन गेला म्हणायचं.

गावात फिरायला गाडी बरी होती, हे त्यांना मान्य होतं. रविवारी मंडईत जाऊन यायचं, रात्री पार्किंगमधल्या प्लगला लावायची, संपलं. पण कोल्हापूर? नाव नको.

आणि सुहासिनीबाईंना कोल्हापूरलाच जायचं होतं. त्यांची थोरली बहीण श्यामला खुब्याचं हाड मोडून तीन आठवडे अंथरुणात होती. बसचे धक्के सुहासिनीबाईंच्या मणक्याला डॉक्टरांनी बंद केलेले. म्हणजे गाडीने जायचं, नाहीतर नाही.

"अहो, एकदा जाऊन येऊ या ना. रोज विचारते ती."

"आणि खंबाटकी घाटात बसली गाडी, म्हणजे? बाटलीतून वीज आणून ओतणार आहेस?"

सुहासिनीबाई गप्प बसत. त्या गप्प बसल्या की विषय मिटला, असं श्यामसुंदररावांचं चाळीस वर्षांचं मत होतं.

त्यात त्यांना पुरावाच सापडला. सकाळी नऊला बॅटरी ब्याऐंशी टक्के, संध्याकाळी सहाला बहात्तर! गाडी जागची हललेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ टक्के गायब. ते कॅलेंडरच्या मागे आकडे लिहू लागले आणि मनातून खूशच झाले. गळती किंवा चोरी, तिसरा प्रकार त्यांना नोकरीत कधी भेटलाच नव्हता.

पहिला संशय तिसऱ्या मजल्यावरच्या हिंमतरावांवर. त्यांची इलेक्ट्रिक स्कूटर शेजारीच उभी असे. पूर्वी लोक नळी घालून पेट्रोल ओढत. आता वायर घालून वीज ओढत असतील. श्यामसुंदररावांनी चार्जिंगच्या झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, मीटरला सील करावं तशी, वर सही आणि तारीख. संध्याकाळी सील शाबूत, टक्के मात्र गेलेलेच. म्हणजे गाडीच खोटी! त्यांनी कंपनीला दोन पानी तक्रार लिहिली आणि बायकोला वाचून दाखवली.

"झालं समाधान? असल्या गाडीत बसून जायचंय तुला?"

"छान लिहिलंय," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि कुकर लावायला आत गेल्या.

टक्के जातात नेमके कधी, हे मात्र शोधायला हवं होतं. सकाळी ते बाल्कनीतून गाडीवर लक्ष ठेवत, चहानंतर खाली चक्कर मारत. राहिली दुपार. एक ते साडेतीन ते झोपत, आणि त्या वेळात जगात काही घडतं हेच त्यांना कधी पटलेलं नव्हतं. गुरुवारी मात्र त्यांनी मनाचा हिय्या केला. जेवले, आडवे झाले आणि घोरण्याचं सोंग घेतलं. सुहासिनीबाईंनी पडदा ओढला, पंखा वाढवला, दार हलकेच लोटून घेतलं. थोड्या वेळाने श्यामसुंदरराव पाय न वाजवता खाली उतरले.

गाडी नव्हती.

ते गेटकडे धावले. "धोंडिबा! गाडी कुठंय आमची? चोरीला गेली!"

वॉचमन धोंडिबा तंबाखू मळत होता. "चोरी कसली, साहेब? ताई घेऊन गेल्यात. रोज जात्यात की. दीड महिना झाला."

श्यामसुंदरराव त्याच्या खुर्चीत मटकन बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! महिनाभर टक्के लिहिले, सील लावलं. पण गाडी किती किलोमीटर फिरली हा आकडा समोर असून एकदाही पाहिला नव्हता. चोर पकडणाऱ्याला चोरच दिसतो.

तीनला गाडी आली. दोन खांबांच्या मधली ती जागा. श्यामसुंदररावांना तिथे तीनदा मागेपुढे करावं लागे. सुहासिनीबाईंनी एका दमात रिव्हर्स घेतली आणि उतरल्या. नवऱ्याला पाहून त्या दचकल्या, पण किल्ली लपवली नाही.

"लायसन?" श्यामसुंदररावांच्या तोंडून तपासणीच्या जुन्या सवयीने निघालं.

"काढलंय. क्लच नाही, गिअर नाही, मधेच बंद पडत नाही. रोज कात्रजचा जुना घाट चढून उतरून येते. चढताना टक्के खाते, उतरताना थोडे परत देते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवायला बसला असतात."

त्यांना तिला शिकवायला काढलेली जुनी फियाट आठवली, कर्वे रस्ता आठवला, आणि आपण इतके ओरडलो होतो की ही भर रस्त्यात उतरून चालत घरी गेली होती, तेही आठवलं. त्यानंतर तिने गाडीचं नाव काढलं नव्हतं आणि आपण त्याला समजूतदारपणा म्हणत आलो. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"उद्या सकाळी सहाला निघतेय," त्या म्हणाल्या. "साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलात चार्जिंग आहे. नाश्ता होईपर्यंत पुरेशी भरते. श्यामलाताईला कळवलंय."

"काय कळवलंस?"

"मी येतेय म्हणून."

मी. आपण नाही. श्यामसुंदररावांनी घसा साफ केला. "मीही येऊ का?"

सुहासिनीबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आकडा टाकणाऱ्याकडे बघावं तसं. "घाटात बोलणार नाही?"

"नाही."

"ब्रेक मार, हॉर्न दे, काही नाही?"

"शब्द देतो."

सुहासिनीबाईंचा अजिबात विश्वास बसला नाही. "मागच्या सीटवर बसायचं," त्या म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.