पहिल्या संघाचा गोलरक्षक

सिरिल लेगाटच्या पुस्तकाची मुद्रितं तपासताना तिसऱ्या प्रकरणात एका वाक्यापाशी सेनादाची पेन्सिल थांबली.

‘गोलरक्षक रूडी याने घरगुती कारणामुळे पहिल्या सामन्याआधी स्वतःहून माघार घेतली.’

रूडी म्हणजे तिचे बाबा. खरं नाव हायरुदिन बेगानोविच. एवढं लांब नाव बर्फावर ओरडता येत नाही म्हणून संघाने त्याचं रूडी करून टाकलं होतं. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

देशाच्या आइस हॉकी संघाला तीस वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघत होतं. पहिल्या संघातले बहुतेक सगळे येसेनित्सेचे, पोलाद कारखान्यातल्या कामगारांची मुलं. सिरिल तेव्हा संघाचा व्यवस्थापक होता आणि बाबांचा जिवलग मित्र. गावच्या वाचनालयात सेनादा असल्यावर मुद्रितं दुसरं कोण तपासणार, असं तोच म्हणाला होता. तपासून झाली की तिनेच ती सोमवारी क्रान्यच्या छापखान्यात पोचवायची होती.

शनिवारी दुपारी तो पोतित्साचे, अक्रोड भरलेल्या गोड पावाचे, काप रुमालात बांधून आला. तिने कॉफी ठेवली आणि पान त्याच्यापुढे सरकवलं.

“काका, हे कुठून आलं? बाबांनी माघार कधी घेतली?”

“अगं, लिहावं लागतं काहीतरी. वाचणाऱ्याला प्रश्न पडतो, पहिला गोलरक्षक गेला कुठे?”

“कुठे गेला ते तुम्हालाही ठाऊक आहे.”

गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. जुना देश फुटून हा नवा झाला तेव्हा त्याच्या हद्दीबाहेर जन्मलेल्यांनी सहा महिन्यांत नागरिकत्वाचा अर्ज करायचा होता. ज्यांचा अर्ज आला नाही, त्यांची नावं ब्याण्णवच्या फेब्रुवारीत रहिवाशांच्या यादीतून काढून टाकली. बाबा तीन वर्षांचे असताना बोस्नियातल्या झेनित्साहून आले होते. त्यांचं नाव गेलं. मग पासपोर्ट गेला, कारखान्यातली नोकरी गेली. पहिला सामना सीमेपलीकडे ऑस्ट्रियात होता आणि बाबा सीमाच ओलांडू शकत नव्हते. पुढे अकरा वर्षं ते स्वतःच्या घरात बेकायदा राहिले.

“अर्ज कचेरीत हरवला, असं बाबा सांगायचे,” सेनादा म्हणाली. “मीही तेच धरून बसले. एकोणीस वर्षांची होते. किती पत्रं लिहिली, किती रांगा लावल्या! त्या खिडकीतल्या बाईला मी लोकांदेखत खोटारडी म्हटलं होतं.”

सिरिल कॉफीत साखर ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली होती.

“कचेरीत नाही हरवला, पोरी.”

तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

“दौऱ्यावर सगळ्यांचे पासपोर्ट माझ्याच बॅगेत असायचे. जुनीच पद्धत. त्यामुळे बाहेर जन्मलेल्या पोरांनी अर्जही माझ्याकडेच दिले. मी नेऊन भरले. एक सोडून.”

“का?”

“वरून विचारणा झाली होती. देशाचा पहिला संघ, आणि गोलवर झेनित्साचा माणूस? मला वाटलं, खेळाडूंची यादी त्याच्या नावाशिवाय जाईपर्यंत अर्ज थांबवतो, मग भरतो. यादी नाताळच्या आत जायची होती. ती रखडली, गेली एकतीसला. अर्जाची मुदत सव्वीसला संपली होती.” त्याने कप खाली ठेवला. “आठवडाभराचा प्रश्न होता गं.”

“आठवडाभराचा,” सेनादा म्हणाली. “आणि हे बाबांना न कळताच ते गेले.”

सिरिलने नकारार्थी मान हलवली. “त्याला सगळं माहीत होतं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात मीच सांगितलं.”

दर गुरुवारी सिरिल पत्ते खेळायला यायचा, ते त्र्याण्णवनंतरही चालूच होतं. तीच त्यांना कॉफी द्यायची. कधीकधी टेबलाच्या याच टोकाला बसून ती कचेरीला पत्र लिहीत असायची, आणि बाबा पत्त्यांतून डोकं न काढता विचारायचे, “लिहून झालं का?”

“काय म्हणाले ते?”

“दोन दिवस बोलला नाही. मग आला आणि म्हणाला, ‘गावात सगळे मला पाहून रस्ता बदलतात. तूही गेलास तर पत्ते कुणाशी खेळू? पत्ते वाट, गाढवा.’” सिरिलने डोळे पुसले. “मग म्हणाला, ‘पोरीला सांगू नकोस. ती तुला घरात घेणार नाही.’ पुस्तकातलं हे वाक्यही त्याला विचारूनच लिहिलंय. त्याला चाललं. राहू दे, सेनादा. शाळांतून जाणार आहे पुस्तक.”

सेनादाला बाबांचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग कसा करतात, हे इतक्या वाचनात तिला कुठे सापडलं नव्हतं. सिरिलने दगा दिला त्याला निदान भीती हे कारण होतं. बाबांनी तिला नुसतं लिहू दिलं होतं, वर्षानुवर्षं, चुकीच्या पत्त्यावर.

तिने ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं: ‘गोलरक्षक हायरुदिन बेगानोविच यांचा नागरिकत्वाचा अर्ज संघाच्या व्यवस्थापकाने मुदतीत भरला नाही, त्यामुळे ते खेळू शकले नाहीत.’ पान फिरवून त्याच्यापुढे धरलं.

सिरिलने ते दोनदा वाचलं. “त्याला नको होतं हे.”

“मला माहीत आहे.”

“मग त्याच्यासाठी तरी—”

“त्यांच्यासाठी मी पुष्कळ लिहिलं, काका. कॉफी गार झाली तुमची.”

तो उठला, कोट चढवला. दाराशी क्षणभर थांबला, ती काही बोलेल म्हणून. तिने पुढचं पान उलटलं.

सोमवारी पहिल्या बसने ती क्रान्यला गेली. छापखान्यातल्या माणसाने पाकीट उघडून पानं चाळली.

“तिसऱ्यात मोठी दुरुस्ती दिसतेय. लेखकांना दाखवलीय ना?”

“दाखवलीय.”

“आणि घरच्यांची हरकत नाही ना? नावगाव आहे म्हणून विचारतो.”

सेनादाने हातमोजे चढवले. “घरची मीच आहे,” ती म्हणाली. “छापा.”