खोडलेल्या पानांचं उत्तर

उत्तर न दिलेलं एक पत्र लेखकबुवांना रोज आठवायचं, आणि आठवलं की ते उगाचच चष्मा पुसत बसायचे. पत्र एका नर्सचं होतं. ड्यूटी सांभाळून तिनं दोन बहिणींच्या गोष्टीची पटकथा लिहिली होती. दिग्दर्शकानं पानंच्या पानं खोडून ती परत पाठवली आणि पुन्हा लिहायला सांगितलं. पोरीनं हाय खाल्ली. 'इतकं खोडावं लागतं, म्हणजे हे माझं काम नव्हेच ना? तुम्ही सांगाल ते मानीन. उत्तर आलं नाही, तर समजायचं ते समजेन.'

लेखकबुवा हे नाव स्टुडिओतल्या मंडळींनी दिलेलं, निम्मं कौतुकानं, निम्मं थट्टेनं. आपले सिनेमे चालले ते नटांमुळे आणि पडले ते आपल्यामुळे, असा त्यांचा सरळ हिशेब. असल्या माणसानं कुणाला काय सांगावं?

बायको संकलक, जन्मभर नवऱ्याचे प्रसंग कापत आलेली. पत्राचं कळल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्ही लाजून गप्प बसलात. तिला तो नकार वाटत असेल."

त्याच दुपारी लेखकबुवांनी उत्तर लिहिलं आणि सवयीनं आधी तिच्या हातात दिलं. आपण किती सामान्य लेखक आहोत इथपासून सुरुवात, मग उशिराबद्दल दिलगिरी, मग प्रतिभेवर निरूपण. तिनं पेन्सिल घेऊन पहिलं पान खोडलं. दुसरंही खोडलं.

"तुमचं पत्र तिसऱ्या पानावर सुरू होतं."

"अगं, निदान नमस्कार तरी ठेव."

"नमस्कार ठेवलाय. लोटांगण काढलंय."

तिसऱ्या पानावर कामाचं होतं. माणूस आला, बसला, पाणी प्यायला, हे दाखवत बसू नये. भांडण पेटलंय तिथेच प्रसंग उघडावा. पात्रानं मनातलं सगळं बोलून टाकलं, तर नटाला करायला काही उरत नाही. संवाद मोठ्यानं वाचावेत, जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडावं.

ते पत्र उतरवून काढायला बसले आणि थांबले. असं स्वच्छ पत्र गेलं, तर तिला वाटणार, या माणसाला सगळं पहिल्याच फटक्यात जमतं. आणि पोरीनं तर खोडण्याचीच धास्ती घेतलेली. पण आपली ती केविलवाणी पानं परक्याला दाखवायची, या विचारानंच त्यांचे कान तापले.

"हीच पाठवू?" त्यांनी विचारलं.

"पाठवा. माझ्या रेघा जरा जगाला दिसू देत."

समासात त्यांनी लिहिलं, 'या रेघा माझ्या संकलकाच्या. लग्नाआधीपासून चालू आहेत. ज्यात काही दम नाही ते ती खोडत बसत नाही, तसंच परत देते. तुमच्या दिग्दर्शकानं एवढं खोडलंय, म्हणजे मन लावून वाचलंय. बसा लिहायला.'

विचार बदलायच्या आत ते चपला सरकवून निघाले. टपालपेटीशी मात्र पाय घुटमळले. पाकीट अर्धं आत, अर्धं बोटांत. तेवढ्यात मागे एक बाई आपलं पत्र घेऊन येऊन उभी राहिली. तिला ताटकळत ठेवणं काही त्यांच्या जिवाला बरं वाटेना, म्हणून त्यांनी पाकीट सोडलं.