हवेतलं कापड

पन्नास वर्षांपूर्वी, आमच्या शिवणखान्यात, माझ्या धाकट्या नणंदेने एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. मास्तरांनी तिला काजं-बटणांवर बसवलं. पुढे कात्री नुसती दिसली तरी ती हात मागे घ्यायची. अखेर मी गळ घातली, तेव्हा मास्तर म्हणाले, "शनिवारी एक कोट कापू दे. चुकली, तर पुन्हा विचारायचं नाही."

मी तिला रोज दुपारी रिकाम्या टेबलापाशी डोळे मिटून उभं करायचे.

"मनात कापड पसर. सुलटी बाजू कुठे, ते मोठ्याने सांग. मग काप."

"वहिनी, सगळ्याजणी हसतायत हो!"

"हसू देत. हवेतलं कापड वाया जात नाही."

शनिवारी तिने कापडासमोर डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटली आणि कात्री उचलली. या वेळी हात मागे घेतला नाही. मास्तरांनी बाह्या जुळवून पाहिल्या. एक डावी, एक उजवी. त्यांनी आपल्या गळ्यातली टेप काढून तिच्या गळ्यात घातली.

त्या संध्याकाळी घरी जाताना ती गुपचूप चालत होती. मिरवत होते ती मी!