मामाला वाटेत बसवून

केडिसांग मामा डोळे दाखवायला मोशुपा गावाहून गॅबोरोन शहरात तिच्या घरी आला, तेव्हा बोनोलोला मनातून अडचणच वाटली. मामा नको होता असं नाही. वडील गेल्यावर गावी आईच्या जोडीने त्यानेच तिला वाढवलं होतं. शाळेत कुणी तिला रडवलं की चरती गुरं तशीच सोडून तो मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहायचा. पण आठवडा नेमका भलता होता. कचेरीत वरच्या जागेसाठी तिचं नाव चाललं होतं, आणि ज्यांच्या शब्दावर ते ठरायचं त्या सेरुमोला आडनावाच्या मॅडम पहिल्यांदाच म्हणाल्या होत्या, की शनिवारी तुमच्या त्या डोंगरावर मलाही न्या.

कगालेचा डोंगर बोनोलोच्या घरामागेच होता. गल्ली संपली की तारेचं कुंपण, कुंपणापलीकडे काटेरी झुडपं आणि मग नुसते खडक. वस्तीतली कितीतरी माणसं शनिवारी पहाटे चढायची आणि न्याहारीला घरी यायची.

शुक्रवारी मामा एकटाच कोंबीत, म्हणजे भाड्याच्या छोट्या बसमध्ये, बसून इस्पितळात जाऊन आला. काय म्हणाले डॉक्टर, असं बोनोलोने भाजी ढवळता ढवळता विचारलं.

"थेंब दिलेत," मामा म्हणाला. थोडा वेळ तो तसाच दारात उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या मलाही वर ने."

वाट अवघड आहे, तुमच्या गुडघ्यांना झेपायची नाही, असं तिने सांगून पाहिलं.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही," मामा म्हणाला.

मग कशाला झालंय, हे तिने विचारलं नाही. तिच्या डोक्यात उद्या घालायच्या बुटांचा विचार होता.

सकाळी कडाक्याची थंडी होती. मॅडम नव्याकोऱ्या बुटांत आल्या होत्या. डोंगरापलीकडच्या बाजूला, खाणीच्या रस्त्यावर ड्रायव्हर गाडी घेऊन थांबेल, म्हणजे तिकडून उतरता येईल, असं त्यांनी सांगितलं. मामाने आपला जुना लांब कोट आणि टोपी घातली होती. वाटेत भेटेल त्याला तो थांबून नमस्कार करत होता, पाऊसपाणी विचारत होता, आणि बोनोलो दर वेळी मॅडमकडे चोरून पाहत होती.

खडक लागले तसा मामा मागे पडू लागला. प्रत्येक दगड तो आधी काठीने ठोकायचा, मग पायाने चाचपायचा, मग त्यावर भार टाकायचा. मागून येणारी पोरं त्याला वळसा घालून पुढे निघून गेली. वरच्या कातळावर बसलेली माकडं सुद्धा त्याच्याकडेच बघत होती.

"मामा, जरा पाय उचला की," बोनोलो शेवटी म्हणाली. "असं चाललात तर दुपार व्हायची."

मॅडम म्हणाल्या, की मला घाई नाही, सावकाश जाऊ. बोनोलोला ते नुसतं वरवरचं वाटलं. तिने मामाला एका मोठ्या खडकाच्या सावलीत बसवलं आणि सांगितलं, की आम्ही वर जाऊन येतो, तुम्ही इथून हलू नका.

मामाने मान हलवली.

वर वारा होता. मॅडम मोकळेपणाने बोलल्या. त्या जागेसाठी मला तुझ्यासारखंच माणूस हवंय, असंही म्हणाल्या. मग खाणीच्या बाजूने उतरताना त्यांनी बोनोलोला घरी चहाला बोलावलं. तेव्हा तिला मामा आठवला. जन्मभर गुरांमागे रानं तुडवलेला माणूस, तिने स्वतःला समजावलं, तिथून तर आपल्या घराचं छप्पर दिसतं, गेला असेल उतरून. मॅडमना ती आपणहून काही बोलली नाही. त्यांनीच विचारलं, मामांचं काय, तेव्हा ती म्हणाली, ते जातील घरी, त्यांना सवय आहे.

चहाबरोबर गरम मागविन्या, पिठाचे तळलेले गोळे, होत्या. बोनोलोने दोन खाल्ल्या. ऊन चढत होतं.

घरी आली तर दाराला कुलूप तसंच होतं. शेजारणीने मामाला पाहिलं नव्हतं. बोनोलो कुंपण ओलांडून धावतच चढायला लागली.

अर्ध्या वाटेवर तो दिसला. एका तरुण नवराबायकोच्या खांद्यांवर हात ठेवून तो इंचाइंचाने उतरत होता. टोपी कुठेतरी पडली होती. नडगी फुटून रक्त बुटापर्यंत आलं होतं.

"आजोबांना धड दिसत नाही," ती तरुणी तिला म्हणाली, "आणि कुणीतरी यांना खडकांत बसवून निघून गेलंय. कशी असतात एकेक माणसं."

बोनोलो धापा टाकत तिथेच थांबली. मामाने तिचा श्वास ओळखला असावा.

"ही माझी भाची," तो म्हणाला. आवाज पार बसला होता. "मला न्यायलाच आली बघा."

तरुणीने बोनोलोकडे एकदा पाहिलं आणि मामाचा हात तिच्या हातात दिला.

घरी जखम धुताना मामाने सांगितलं. समोरचं तेवढं दिसतं, कडेचं आणि पायाखालचं गेलंय. उरलंय तेही वर्षाच्या आत जाईल, असं डॉक्टर म्हणालेत. त्याआधी एकदा वरून सगळा मुलूख बघावा, अगदी मोशुपाच्या दिशेपर्यंत, असं त्याच्या मनात होतं. हे त्याने पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो बसने गावी गेला.

बोनोलोला वरची जागा मिळाली. सप्टेंबरच्या सुटीत ती गावी गेली, तेव्हा मामा अंगणात बसला होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. आई पाण्याला गेल्यावर ती त्याच्याजवळ बसली. इतके दिवस घोळवलेली वाक्यं ऐन वेळी कामाला आली नाहीत.

"मामा, मी तुम्हाला विसरले नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही आठवत होतात, आणि तरी मी चहाला गेले."

"मला वाटलं तू पडलीस," मामा म्हणाला.

तिला आधी समजलंच नाही.

"वर गेलेली पोर परत आली नाही. हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. मग काठी टेकत वर निघालो. पाय घसरला तो तेव्हा."

त्याच्या रागाची तिने तयारी ठेवली होती. याची ठेवली नव्हती. ती रडायला लागली, तसा मामाने हात चाचपडत पुढे केला, आणि तो तिच्या गुडघ्यावर पडला.

पुन्हा या, मी तुम्हाला हाताला धरून थेट माथ्यावर नेते, असं ती म्हणाली.

"आता नको," मामा म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग त्याने विचारलं, की आईने ज्वारीची पेज चुलीवर ठेवलीय का, वास येतोय, बघ जरा, करपेल.

बोनोलो उठून आत गेली.